माती बघून

फेब्रुवारीतला रविवार. जेवणं उरकली होती, भांडी ओट्यावर तशीच होती आणि काकूंचा मेसेज आला, "झाडाचा एक फोटो पाठव गं. बरेच दिवसांत बघितलं नाही." झाड माझ्या समोरच होतं, बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, उंच स्टुलावर. त्याच्यावर मोजून सात पानं उरली होती आणि त्यातली दोन पिवळी पडली होती. मी मोबाइल त्याच्यावर धरला. स्क्रीनवर ते आणखीच उघडंबोडकं दिसलं, म्हणून हात खाली घेतला. मग मोबाइलमधले फोटो मागे मागे सरकवत सप्टेंबरपर्यंत गेले, तिथला एक हिरवागार फोटो निवडला आणि पाठवून दिला. खाली लिहिलं, "मजेत आहे." दोन टिका निळ्या झाल्या. काकूंनी जोडलेले हात पाठवले, बाकी काही नाही.

ते जोडलेले हात रात्रभर डोळ्यांसमोरून हलेनात. "पोचलेच पाच मिनिटांत" असलं खोटं मी रोज बोलते, सगळेच बोलतात. पण शहात्तर वर्षांच्या बाईनं विश्वासानं सोपवलेली ठेव डोळ्यांदेखत वाळत होती आणि मी तिला पाच महिन्यांपूर्वीचा फोटो दाखवून गप्प केलं होतं. पहाटे उठून पाणी प्यायला गेले तेव्हा बैठकीतल्या अंधारात काहीतरी टप्‌ वाजलं. पान होतं. एवढंसं वाळकं पान फरशीवर पडल्याचा आवाज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

काकू आमच्या समोरच्या दारात अठरा वर्षं राहिल्या. झाड त्यांच्याहून आधीपासून त्यांच्या घरचं होतं, असंच म्हणायला हवं. सदाशिव पेठेतला त्यांच्या सासरचा वाडा १९९४ साली पाडायला काढला, तेव्हा मागच्या भिंतीत, मोरीच्या पाइपाशी, नांद्रुकीचं एक रोप उगवलेलं होतं. पुण्यातल्या जुन्या वाड्याच्या मागच्या भिंतीला असं एखादं पिंपळाचं, उंबराचं नाहीतर नांद्रुकीचं पोर असायचंच. पाखरं फळं खातात, बी विष्ठेबरोबर भिंतीत पडतं आणि चुन्यातली एक चीर आणि पाइपाची झिरप एवढ्यावर ते वर्षानुवर्षं जगतं. दर दिवाळीला भिंत साफ करताना कुणीतरी ते कोयत्यानं छाटतं, आणि पावसाळ्यात ते पुन्हा फुटतं. काकू म्हणायच्या, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्याला छाटत होते. वाडा पडायला लागला तेव्हा वाटलं, आता याला कोण छाटणार?" त्यांनी गवंड्याला चहा पाजला आणि दोन विटांसकट ते रोप उपटून घेतलं. पुढे कुणाकडून तरी शिकून त्याला उथळ कुंडीत लावलं, जुन्या वायरमधली तांब्याची तार सोलून फांद्यांना गुंडाळली, वळण दिलं. तीस वर्षांत ते वीतभर आणि वर चार बोटं इतकं झालं होतं. खोड मात्र मनगटाएवढं, आणि बुंध्याशी मुळं अशी पसरलेली की लांबून बघितलं तर गावच्या पारावरचं झाड वाटावं.

गेल्या ऑगस्टमध्ये लेकीनं त्यांना बंगळूरुला नेलं. गुडघ्यांची शस्त्रक्रिया होती, नंतर तिथंच राहायचं ठरत होतं. विमानात झाड नेणं त्यांना जमेना. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या कुंडी दोन्ही हातांत धरून आमच्या दारात आल्या, आणि म्हणाल्या, "घड्याळ बघून पाणी घालू नकोस, माती बघून घाल. आणि खिडकीतून हलवू नकोस." एवढंच. मी "हो हो" म्हटलं. चहा ठेवू का, असं विचारलं. त्या चहाला थांबल्या नाहीत.

पंधरा-वीस दिवसांनी आमच्याकडे गौरी-गणपती आले. माझ्याच मनात आलं की हे झाड गौरींच्या पुढ्यात किती सुंदर दिसेल. मी ते स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीतून उचललं, खाली पितळेची ताटली ठेवली आणि काळी माती बरी दिसेना म्हणून वर पांढऱ्या गोट्यांचा थर पसरला. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईनं त्याचं कौतुक केलं. फोटो काढले. गौरी गेल्या, गणपती गेले, मखर माळ्यावर गेलं, पण झाड तिथंच राहिलं. घरात येणाऱ्याची नजर पहिल्यांदा त्याच्यावर जायची, ते मला आवडायला लागलं होतं.

आता सगळं कळतं तेव्हा हातात घेऊन एकेक गोष्ट उलटसुलट बघावीशी वाटते. तो कोपरा खिडकीपासून बारा फुटांवर आहे. आपल्याला तिथं उजेड वाटतो, कारण आपल्या डोळ्यांतली बाहुली मोठी होते आणि उणीव भरून काढते. झाडाला असं काही करता येत नाही. खिडकीशी जितका प्रकाश असतो, त्यातला थोडासाच वाटा खोलीच्या आत इतक्या लांब पोचतो, आणि झाडाचं अन्न त्या प्रकाशावर शिजतं. वडाच्या कुळातली झाडं तर जागा बदलली तरी रुसतात, पानं गाळतात, मग नव्या उजेडाला पुरतील तेवढीच नवी काढतात. कोपऱ्यात नवी काढण्याइतकाही उजेड नव्हता. पानं कमी झाली तसं ते पाणीही कमी पिऊ लागलं असणार. मी मात्र रोज सकाळी, चहाचं आधण ठेवल्यावर, एक फुलपात्र पाणी घालतच होते. ताटलीत पाणी साचून राहायचं. वरून गोटे, त्यामुळे माती ओली की कोरडी हे दिसायची सोयच मी ठेवली नव्हती. मुळांना हवा लागते, मातीच्या कणांमधल्या फटींतून ती मिळते, आणि त्या फटी पाण्यानं भरल्या की मुळं गुदमरतात, मग कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. पानं माना टाकतात. आणि माना टाकलेली पानं बघून बाईला काय वाटतं? झाड तहानलंय. नोव्हेंबरात मी एकाची दोन फुलपात्रं केली.

झाड बुडत होतं आणि मी वरून पाणी घालत होते.

या काळात घरात ज्यानं त्यानं आपलं मत दिलं. नणंद म्हणाली, घरात बोन्साय ठेवूच नये, वास्तूला चालत नाही, खुंटलेलं झाड घराची वाढ खुंटवतं. कामाला येणाऱ्या मावशींनी दोनदा विचारलं, "ताई, हे टाकायचं का?" लेक म्हणाली, मुळात झाडाला तारा बांधून ठेंगणं ठेवणं हाच छळ आहे, बरं झालं सुटलं तर. तिचं बोलणं मला लागलं, कारण तरुणपणी मीही अगदी हेच म्हणायचे. आपल्याकडे 'बोन्साय' हा शब्द झाडापेक्षा माणसांसाठीच जास्त वापरला गेला, वाढू न दिलेल्या बाईसाठी तर फारच. ते चूक आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण एकदा काकूंना मी हे बोलून दाखवलं होतं तेव्हा त्या हातातली कात्री खाली ठेवून म्हणाल्या होत्या, "अगं, याला जमिनीतून काढून मी कुंडीत घातलं असतं तर तू म्हणतेस ते खरं होतं. हे भिंतीत होतं. आणि भिंत पडणार होती." तीस वर्षं त्यांनी त्याला ऊन दिलं, खत दिलं, दोन-तीन वर्षांनी मुळं मोकळी करून नवी माती दिली. उपाशी ठेवून झाड लहान राहत नाही, ते मरतं. लहान राहतं ते सतत लक्ष दिल्यामुळे. छळ कुणी केला असेल तर तो मी, त्या पाच महिन्यांत, रोज सकाळी प्रेमानं.

फोटो पाठवल्याच्या दुसऱ्या शनिवारी मी कुंडी गाडीत पुढच्या सीटवर ठेवली, सीटबेल्ट लावला, आणि सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनच्या दिशेनं निघाले. त्या बाजूला रस्त्याच्या दोन्ही अंगांना नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. दोन ठिकाणी "नवीन घेऊन जा ना मॅडम" हेच ऐकायला मिळालं. तिसरीकडे एक साठीचे गृहस्थ पायपानं रोपं भिजवत होते. त्यांनी पाइप बाजूला टाकला, हात धोतराला पुसले आणि कुंडी उचलून आधी वजन पाहिलं. मग वास घेतला. मग म्हणाले, "लई पाजलंय." मी खत घालून बघितल्याचंही सांगितलं, तर म्हणाले, "आजारी माणसाला कुणी पुरणपोळी चारतं का, ताई?" रागानं म्हणाले नाहीत, पण मला मान वर करवेना. त्यांनी अंगठ्याच्या नखानं एका बारीक फांदीची साल खरवडली. आत तपकिरी, कोरडं. दुसरी फांदी, तेच. डावीकडच्या जाड फांदीलाही तेच. मग खोडावर, बुंध्याच्या जरा वर, त्यांनी नखाचा अगदी तांदळाएवढा ओरखडा काढला आणि मला जवळ बोलावलं.

आत हिरवं होतं. शेवग्याच्या शेंगेच्या आतल्या सालीसारखं ओलसर, फिकट हिरवं. आणि बघता बघता त्या ओरखड्याच्या कडेला पांढऱ्या चिकाचा एक ठिपका गोळा झाला.

"हाय की जीव," ते म्हणाले आणि पुन्हा पाइप हातात घेतला. पाणी सोडायच्या आधी काय काय करायचं ते सांगितलं. पैसे घ्यायला तयार नव्हते, म्हणून मी त्यांच्याकडून मोगऱ्याची दोन रोपं घेतली.

रविवारी सकाळी गच्चीवर वर्तमानपत्रं पसरली. आधी गोटे काढले. त्यांच्याखालची माती काळी, चिखलासारखी आणि तिला गटाराचा वास. कुंडीच्या भोकांना बसवलेली जाळी मुळांच्या लगद्यानं बुजून गेली होती. झाड उपसून बादलीतल्या पाण्यात धरलं, चिखल सुटत गेला तशी मुळं दिसू लागली. बरीच मुळं काळी होती. चिमटीत धरून ओढलं की साल बोटात निघून यायची आणि आत नुसता दोऱ्यासारखा गाभा उरायचा. ती सगळी कापली. कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटनं पुसून घ्यायला सांगितलं होतं, तशी पुसली. कापता कापता शेवटी मूठभर मुळं राहिली, बदामी रंगाची, ताठ, वाकवली तरी न तुटणारी. त्यांच्यात एक जाड मूळ होतं. ते बुंध्यापासून सरळ दोन बोटं खाली येत होतं आणि तिथून एकदम काटकोनात वळलं होतं. इतका नेमका काटकोन झाडाच्या अंगात कुठून यावा, हे क्षणभर कळेना. मग कळलं. ती विटेची कड होती. वाडा पडून तीस वर्षं झाली, त्या जागी आता सहा मजली इमारत आहे, खाली मोबाइलचं दुकान आहे, आणि मागच्या भिंतीतल्या एका विटेचा कोपरा या मुळाच्या पोटात तसाच होता. मी त्यावरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ ते ओलं मूळ हातात धरून मी तशीच उन्हात बसून राहिले.

नव्या मातीसाठी वीटच फोडायची होती. इमारतीच्या डागडुजीतून उरलेल्या चार विटा गोणपाटात गुंडाळून हातोडीनं फोडल्या, गव्हाच्या चाळणीनं मोठे तुकडे काढले, मैद्याच्या चाळणीनं भुकटी काढली, आणि मधले ज्वारीच्या दाण्याएवढे खडे ठेवले. त्यात भरड वाळू आणि जुनं पानखत अगदी थोडं. भुकटी राहिली तर ती पाण्याबरोबर तळाशी जाऊन पुन्हा चिखल करते, म्हणून खडे तीन पाण्यांतून धुतले. बोटं, ओढणी, गच्चीची फरशी, सगळं गेरूच्या रंगाचं झालं. झाड कुंडीत बसवून भोकांतून वर घेतलेल्या तारेनं मुळांशी बांधलं, कारण झाड डुगडुगलं तर नवी फुटणारी केसासारखी मुळं तुटतात. पाणी घातलं तेव्हा ते वर साचलं नाही. सरसर खाली गेलं आणि भोकांतून स्वच्छ बाहेर आलं. तो आवाज ऐकून मला रडू आलं.

मग काही करायचं नव्हतं आणि तेच सगळ्यात अवघड होतं. इस्त्रीच्या कपड्यांवर येते तसली पारदर्शक पिशवी झाडावर घालून ते पूर्वेच्या खिडकीत, काकूंनी सांगितलेल्या जागी, कोवळ्या उजेडात ठेवलं. मुळं तुटलेली असली की झाडाला हवेतला ओलावा लागतो. सकाळी पिशवीच्या आत दव धरलेलं असायचं. दहा मिनिटं ती काढून ठेवायची, बोट मातीत पेरभर खुपसून बघायचं, आणि बहुतेक दिवशी तसाच हात मागे घ्यायचा. पाणी न घालता मागे वळणं मला जमत नव्हतं. हात रिकामा राहिला की काहीतरी कर्तव्य चुकल्यासारखं वाटायचं. आमच्या पिढीच्या बायकांना माया करायची म्हणजे वाढायचं, घालायचं, भरवायचं एवढंच ठाऊक. नुसतं जवळ उभं राहून बघायचं, ही गोष्ट मी पन्नाशीत शिकत होते.

रात्री बोन्सायबद्दल मिळेल ते वाचायचे. जपानीत 'बोन' म्हणजे उथळ भांडं आणि 'साय' म्हणजे लावणं, आणि ही विद्या मुळात चीनमधून तिकडे गेलेली, हे तेव्हाच समजलं. सगळ्यात जास्त मनात राहिला तो वॉशिंग्टनच्या वृक्षउद्यानातला एक पांढरा पाइन. १६२५ सालापासून माणसांच्या देखभालीत असलेला, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही पाच वर्षं आधीपासून. हिरोशिमात यामाकी नावाच्या कुटुंबाकडे तो पिढ्यानपिढ्या होता. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला, तेव्हा त्यांचं घर स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर होतं. बागेच्या भिंतीच्या आडोशानं झाड वाचलं. १९७६ साली मासारू यामाकींनी ते अमेरिकेला भेट दिलं आणि देताना यातलं काही सांगितलं नाही. २००१ मध्ये त्यांचे नातू ते झाड बघायला गेले, तेव्हा तिथल्या लोकांना त्याची हकीकत कळली. पंचवीस वर्षं रोज त्याला पाणी घालणाऱ्या माणसांना आपण कशाला पाणी घालतोय याची कल्पना नव्हती. मी हे वाचून दिवा मालवला आणि काकूंच्या मौनाचा विचार करत पडून राहिले. त्यांनीही झाड देताना दोन वाक्यंच बोलली होती. त्या दोन वाक्यांत सगळं होतं. मी ऐकलं नव्हतं.

मार्च सरला. उरलीसुरली पानंही गेली. डावीकडची फांदी तर वाळून चिरफळली. उन्हं तापली, आंबे आले, शेजारी कुणीतरी कुरडया घातल्या. नवरा एकदा हळूच म्हणाला, "आता सांगून टाक त्यांना." मी काही बोलले नाही. बाल्कनीत मोगऱ्याला कळ्या आल्या होत्या, त्याच्याकडे बघावंसंही वाटत नव्हतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी पिशवी काढली तेव्हा खोडावर, उजव्या फांदीच्या बेचक्यात, काहीतरी लाल दिसलं. मला वाटलं मुंगी आहे. फुंकर घातली. हललं नाही. चष्मा आणून बघितलं. तांदळाच्या दाण्याएवढं, टोकदार, गुलाबी आवरणात घट्ट गुंडाळलेलं. तीन दिवसांनी ते आवरण सुटून खाली पडलं आणि आतून घडी घातलेलं एक पान बाहेर आलं, इतकं चकचकीत की तेल लावल्यासारखं. त्याच्याखाली आणखी दोन ठिपके फुगले होते.

त्या दिवशी मी फोटो काढला. उघडं झाड, वाळकी फांदी, विटकरी खडे, आणि ते एक पान. पाठवायच्या आधी लिहिलं, "काकू, फेब्रुवारीतला फोटो जुना होता. झाड मरायला टेकलं होतं. माझी चूक. तुमच्याशी खोटं बोलले. हे आजचं आहे." टिका निळ्या झाल्या आणि लगेच फोनच वाजला.

"अगं, त्या फोटोत मागे गौरीच्या साडीचा काठ दिसत होता," काकू म्हणाल्या. "फेब्रुवारीत गौरी कुठून येणार?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी म्हटलं, "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू सांगशील असं वाटलं होतं." त्या जरा थांबल्या. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी कन्नडमधून काही विचारलं, त्यांनी त्याला उत्तर दिलं. मग म्हणाल्या, "पान कुठल्या बाजूला आलंय? उजवीकडे ना? ती बाजू खिडकीकडे राहू दे अजून महिनाभर. आणि ती डावी फांदी वाळलीय म्हणून लगेच कापायला जाऊ नकोस. पावसाळाभर थांब. मोरीच्या पाइपाशी होतं तेव्हाही त्याच बाजूनं ते उशिरा फुटायचं."

फोन ठेवून मी खिडकीशी गेले आणि बोट मातीत घातलं. पेरभर खाली अजून ओल होती.